फोन कोण वापरणार?

मी कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्यामुळे कुणाला नवा फोन घ्यायचा असला की शेजारी, नातेवाईक, कॉलेजचे शिपाई, सगळे आधी मला विचारतात आणि मीही मोठा आव आणून सल्ला देतो. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ का इन्शुरन्स?’ हा प्रश्न तर इतक्यांदा आलाय की उत्तर पाठ झालंय. वॉरंटी म्हणजे फोनचा दोष. तो आपला आपण बिघडला तर कंपनी बघते, आणि एक्स्टेंडेड म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावर आणखी एक वर्ष तेच. इन्शुरन्स म्हणजे आपला दोष. हातून पडला, पाण्यात गेला, फुटला, चोरीला गेला, तर तो कामाला येतो. टेबल-खुर्चीवाल्याने वॉरंटी घ्यावी, उन्हातान्हात फिरणाऱ्याने इन्शुरन्स. लोकांना मी हे असं सांगतो, आणि स्वतःच्या वडिलांच्या फोनला मात्र नेमकं उलटं केलं. चुकून झालं असतं तर विसरूनही गेलो असतो. समजून-उमजून केलं, म्हणून लिहायला बसलोय.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मेंढरं राखतात. आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्याही पुढं, जिथं पाऊस तोंडदेखला येऊन जातो. दिवाळी झाली की आमच्याकडची मेंढरं कृष्णाकाठच्या ऊस तुटलेल्या रानांकडे चालू लागतात आणि पावसाच्या तोंडाला परत फिरतात. दोन रात्री या शेतात, तीन रात्री त्या. रात्री मेंढरं रानात बसवली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी बोलावून नेतात आणि बदल्यात धान्य देतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, पुढे आबा, मागे आई, असे ते दोघे चाळीस वर्षं चालले. त्यांच्याबरोबर माझा धाकटा चुलता. मी त्यात कधीच नव्हतो. सहाव्या वर्षी आबांनी मला बोर्डिंगात घातलं आणि त्या चालण्यातून माझी सुटका केली.

दोन वर्षांपूर्वी आईचे गुडघे कामातून गेले. सांगलीत ऑपरेशन झालं. बहीण जवळच माधवनगरला असते, पण तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसालाही धाप लागावी. म्हणून आई कराडला माझ्याकडे आली, लिफ्टच्या इमारतीत. डॉक्टरांनी सांगितलं, आता मेंढरांमागं चालणं बंद. त्यावर आई त्यांनाच म्हणाली, “मग कोकरं कोन लावंल?”

डॉक्टरांना ते कळलं नाही. कळणार कसं? दिवसभर मेंढ्या चरायला जातात आणि लहान कोकरं मुक्कामावर मागं राहतात. दिवस बुडायला मेंढ्या परतल्या की एकेक कोकरू आपापल्या आईला लावायचं असतं. शंभरावर मेंढ्या, पन्नाससाठ कोकरं, आणि सगळ्यांचा मिळून एकच कालवा. त्या कालव्यातून कुठलं कोकरू कुणाचं हे आई नुसत्या आवाजावरून सांगते. आबांना निम्म्यांचं जमतं, चुलत्याला तेवढंही नाही. चुकीच्या मेंढीला लावलं तर ती लाथ मारते, आणि कोकरू उपाशी राहतं.

फोनची कल्पना माझी. रोज दिवस बुडायला व्हिडिओ कॉल करायचा, आईनं इथून बघायचं आणि सांगायचं. सगळ्या घरानं ती डोक्यावर घेतली. बायको म्हणाली, इतक्या वर्षांत तुमच्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग. आबा आईला सोडायला कराडला आलेच होते. दुसऱ्या दिवशी मेंढरांकडे जायच्या आधी त्यांना घेऊन मी बाजारपेठेतल्या एका मोठ्या फोनच्या दुकानात गेलो.

काचेचं दार, आत एसी. आबांनी पायताणं बाहेर काढली. तिथं कुणीच काढत नव्हतं. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आत आले आणि दारालगतच थांबले. “तुजं चालू दे,” म्हणाले. मी काउंटरकडे गेलो तर पलीकडून आवाज आला, “सर! तुम्ही?”

माझी जुनी विद्यार्थिनी. चार वर्षांपूर्वी पास झालेली, आता तिथली विक्री सांभाळत होती. तिनं खुर्ची दिली, पाणी मागवलं, शेजारच्या दोघांना “हे आमचे सर” म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं हे कशाला नाकारू? तिनं फोन दाखवले, मी दोन हुशारीचे प्रश्न विचारले, एक पसंत केला. मग तिनं दोन पत्रकं माझ्यापुढं ठेवली, एक एक्स्टेंडेड वॉरंटीचं, एक इन्शुरन्सचं, आणि विचारलं, “फोन कोण वापरणार, सर?”

“मीच,” मी म्हणालो.

इतक्या झटकन म्हणालो की मला स्वतःलाच कळलं नाही. कॉलेजात मी ‘वडील शेती करतात’ असं सांगत आलोय. ते अगदी खोटंही नाही, दीड एकर माळ आहे आमचा, त्यात कुसळं उगवतात. मेंढरांचं कधी बोललो नाही. कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. त्या दिवशी विचारलं.

“मग कॉलेजातच, टेबलावर,” ती म्हणाली. “तुम्हीच आम्हाला शिकवलंत की सर, टेबलवाल्याला वॉरंटी पुरे. फिरतीवरचा माणूस असेल तर मी इन्शुरन्सच देते. घोड्याच्या पाठीवर बसून तर तुम्ही फोन वापरणार नाही ना!” आणि ती हसली. मीही हसलो. घोडा खरोखरच होता, हे तिला काय माहीत!

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बिल करता करता तिची नजर दाराकडे गेली. “ते काका तुमच्याबरोबर आहेत का, सर? त्यांना बसायला देऊ का?”

मी मागं वळून पाहिलं नाही. म्हणालो, “गावाकडचे आहेत.”

मधे दहा पावलांचं अंतर होतं. एसीची घरघर, टीव्हीवरची गाणी. आबांना वयामानानं कमी ऐकू येतं. हे सगळं मी त्याच क्षणी मनात मोजलं होतं, यावरूनच ओळखा. एक्स्टेंडेड वॉरंटीच्या चौकटीत तिनं खूण केली आणि मी सही केली.

इन्शुरन्स नंतरही घेता येतो, फोन घेतल्यापासून थोड्या दिवसांच्या आत. तसं पत्रकावरच होतं. एकट्यानं जाऊन घेऊन येऊ, असं मी रस्त्यातच ठरवून टाकलं. पण मग तिला काय सांगायचं? आठ दिवसांत सरांचं काम टेबलावरून रानात कसं गेलं? आज जाऊ, उद्या जाऊ करत ती मुदत निघून गेली. उलट आबांना निरोप देताना मीच पाच वेळा बजावलं, “आबा, जपून वापरा, पाडू नका.”

“तुजा फोन हाय,” आबा म्हणाले, “जिवापाड जपतो.”

ती त्यांची बोलायची तऱ्हा, असं मी धरून चाललो.

त्यांचा जुना बटणांचा फोन मी काढून घेतला. रबरबँड लावलेला, शंभरदा पडून तुकडे झालेला आणि दरवेळी पुन्हा जोडून चालू झालेला. कार्ड नव्या फोनात घातलं, नंबर नव्यात घातले, आणि जुना माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधे टाकला. आता हे डबडं काय करायचंय, असंही म्हणालो असेन.

पुढचे दोन महिने मात्र छान गेले. आबांनी शेतकऱ्यांशी बोलणीच बदलली. धान्य किती हे ठरलं की ते म्हणायचे, “आन येळभर चारजिंग.” आई साडेपाचलाच वेणी घालून, पदर नीट करून माझ्या फोनपुढं बसायची. मी चिडवायचो, “कुणाला बघायला चाललीस गं?” ती म्हणायची, “गप. त्येंच्या मागं चार मानसं असत्यात.” मग कॉल लागायचा आणि आमच्या हॉलमधे शंभर मेंढ्या शिरायच्या.

“आवं, त्ये बांडीचं न्हवं! सोडा त्याला, सोडा.”

“मग कुनाचं?”

“पल्याड वरडतीया बघा, मोडक्या शिंगाची. तिचं हाय. ऐकू येत न्हाई व्हय?”

“मला तर समदी सारखीच वरडत्यात.”

“चाळीस वरसं काय केलं मग?”

एवढंच बोलायचे. शेवटी आबा विचारायचे, “जेवलीस का?” आणि आई म्हणायची, “तुमी जेवा आदी.” मग दोघंही फोनकडे बघत बसायचे, कारण बंद कुणी करायचा हे दोघांनाही कळत नसे. तो मी करायचो.

थंडी सरत आली होती. एके संध्याकाळी आबांनी दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून फोन खोगिराला टेकवून जमिनीवर ठेवला होता. आई बघत होती, मी बाजूला पेपर तपासत होतो. ती म्हणाली, “अगं बया, घोडं सुटलं!” मी मान वर केली तोवर पडद्यावर घोड्याचं पोट आलं, मग खूर, आणि अंधार झाला.

“लागेल उद्या,” मी म्हणालो.

उद्या लागला नाही. परवाही नाही. आबांना माझा नंबर तोंडपाठ नव्हता. बटणांच्या फोनवर ते दोन नंबरचं बटण दाबून धरायचे आणि मी उचलायचो, ती सोय मीच काढून घेतली होती. चुलत्याकडे फोन नाही. आई रोज वेणी घालून बसायची. अर्धा तास, एक तास. मग उठून भाकरी करायला घ्यायची, बायको नको म्हणाली तरी.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं विचारलं, “तू वारंटी का काय काडलीयास न्हवं? मग दील की दुकानवाला दुसरा.”

“बघतो,” मी म्हणालो.

काय बघत होतो मी? उंब्रजच्या आसपास मुक्काम आहे, एवढं मला ठाऊक होतं. कराडहून उंब्रज गाडीवर अर्धा तास. इन्शुरन्स असता तर मी दुसऱ्याच दिवशी गेलो असतो, फोन आणून दुकानात टाकला असता आणि मोठेपणा मिळवला असता. पण तो फुटलेला फोन हातात घेऊन मला त्या मुलीपुढं उभं राहायचं होतं, आणि कसा फुटला हे तिनं विचारलंच असतं. मी परीक्षेचं कारण सांगितलं, पेपरचं सांगितलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते अगदी खरं. त्या दिवसांत कुणी नुसतं ‘दुकान’ म्हटलं तरी मी दचकायचो.

अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सकाळी आई माझ्या टेबलापाशी आली. वॉकर बाजूला ठेवला आणि म्हणाली, “तिकडं कोकरं उपाशी मरत्यात आन तू कागदं तपास.” आई माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. मी कॉलेजला फोन करून रजा टाकली.

मुक्काम शोधायला वेळ लागला नाही. उंब्रजच्या पुढे हमरस्त्याला चहावाल्याला विचारलं, त्यानं हात करून दाखवलं. ऊस तुटलेलं रान, त्यात जाळी लावून केलेला वाडा, कडेला बिऱ्हाड. आबा कोकरांना पाला टाकत होते. मला बघून उठले, पण जवळ आले नाहीत. आधी बिऱ्हाडाकडे गेले आणि पटक्याच्या फडक्यात गुंडाळलेला फोन घेऊन आले. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

“तुजा फोन मोडला गड्या माज्या हातनं.”

“तुमच्या हातून कुठं आबा, घोड्यानं मोडला.”

“घोडं माजंच हाय की.”

काच चुरा झाली होती. मधोमध वाकलेला. त्यांनी तुकडेसुद्धा वेचून फडक्यात ठेवले होते. “येका शेतकऱ्याच्या फोनवरनं लावून बघावं म्हनलं,” ते सांगत होते, “पर नंबर समदं त्येच्यातच.” मग हळूच म्हणाले, “दोन कोकरं ग्येली. आयनं धरलीच न्हाईत. तुज्या आयला बोलू नगंस.”

कोकरं तशीही दगावतात. दरवर्षी दोनचार जातात, हे मला माहीत आहे. पण ती अकरा दिवसांतली होती, आणि ते अकरा दिवस माझे होते. आबांना म्हणालो, चला, आई वाट बघतेय. चुलता मेंढरं बघायला होताच.

गाडीवर मागून आबा म्हणाले, “आदी दुकान. मोकळ्या हातानं तिच्याम्होरं कसं जायाचं?”

मला चुकवायचं होतं ते असं समोर आलं. दुपारची वेळ, दुकानात गर्दी नव्हती. आबांनी पायताणं काढली, या वेळी मात्र माझ्यामागोमाग काउंटरपर्यंत आले, कारण फडकं त्यांच्याच हातात होतं. त्यांनी ते काचेवर ठेवून सोडलं. ती मुलगी बघतच राहिली.

“बापरे सर! कसा फुटला?”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, देव जाणे. गाडीखाली आला, असंच काहीतरी. पण माझ्याआधी आबा बोलले.

“सायबांच्या हातनं पडला,” ते म्हणाले. “जिन्यावरनं. मी त्येंच्या गावाकडचा हाय.”

दहा पावलांवरून त्यांनी सगळं ऐकलं होतं. शब्द न शब्द. आणि दोन महिने तो फोन खरंच माझा म्हणून वापरला होता.

आता तरी बोलावं ना माणसानं! मी नाही बोललो. ती वॉरंटीचं समजावत राहिली आणि मी माना डोलावत राहिलो. “सर, तुम्हाला तर माहीतच आहे, वॉरंटीत फुटलेलं बसत नाही. आणि याला दुरुस्त करण्यात अर्थ नाही, नवाच घ्या.” मी नवा घेतला, तोच, त्याच रंगाचा. पुन्हा दोन पत्रकं माझ्यापुढं आली. “वापर तसाच ना सर, कॉलेजातला? का या वेळी…” ती पेन धरून थांबली.

आबा माझ्याकडे बघत नव्हते. माझी अडचण होऊ नये म्हणून ते भिंतीवरच्या टीव्हीकडे बघत होते, मुद्दाम. टीव्ही बंद होता.

“फोन माझा नाही,” मी म्हणालो. “तेव्हाही नव्हता. यांचा आहे. हे माझे वडील. मेंढरं राखतात. घोड्यानं पाय दिला फोनवर. इन्शुरन्स दे.”

वर्षानुवर्षं ज्याला भ्यालो ते घडायला किती वेळ लागला म्हणता? तिला चौकटीत खूण करायला लागला तेवढा. ती म्हणाली, “मग इन्शुरन्सच हवा सर, आधीच सांगायचं ना,” आणि आतून खुर्ची आणली. आबा बसले नाहीत. ती त्यांना नियम समजावू लागली: पडला, भिजला, फुटला तर लगेच कळवायचं, तुकडे टाकायचे नाहीत. चोरीचं मात्र कडक असतं. “दार किंवा कुलूप फोडल्याची खूण पाहिजे काका, आणि पोलिसांत तक्रार.”

“आमाला दारच न्हाई बाई,” आबा म्हणाले.

ती हसली, मग हसायची थांबली, आणि म्हणाली, “मग उशाखाली घेऊन झोपा काका.”

बाहेर आलो. आबा पायताणं घालायला वाकले आणि वाकूनच बोलू लागले. “आत्ता समजलं मला. ज्याला दार न्हाई त्याला कोन कागुद देतंय? म्हनून तवा तू सोत्ताचं नाव सांगितलंस. मी फिरस्ता हाय म्हनलं आसतंस तर वारंटीबी दिली नसती त्येंनी. व्हय न्हवं?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं का ते माझ्यासाठी पळवाट काढून देत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. एवढंच म्हणायचं होतं, नाही आबा, मला तुमची लाज वाटली. काउंटरवरच्या परक्या मुलीला खरं सांगून आलो होतो, छाती जरा फुगलीही होती. रस्त्यावर, स्वतःच्या बापापुढं, मी म्हणालो, “व्हय.”

“शाबास,” आबा म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

घरी आईनं दार उघडलं. वॉकर धरून कधीची उभी होती कोण जाणे. पहिला प्रश्न, “कोकरं?”

“समदी ब्येस हाईत,” आबा म्हणाले.

खोटं आबाही बोलतात. त्या एका दिवसात माझ्यासमोर दोनदा बोलले, एकदा माझी अब्रू राखायला आणि एकदा आईचा जीव राखायला. मी त्याच काळात जेवढ्यांदा बोललो, ते सगळं स्वतःसाठी. रात्रीचं जेवण त्यांनी घाईनं उरकलं आणि शेवटच्या गाडीनं उंब्रजला गेले. जाताना मी ड्रॉवरमधला जुना बटणांचा फोनही त्यांच्या हातात ठेवला, नवं कार्ड घालून. रबरबँड तसाच होता.

कॉल पुन्हा सुरू झाले. पंधरवड्यानंतरची गोष्ट. आई कोकरं लावून मोकळी झाली होती, मी फोन बंद करायला म्हणून पुढं झालो. आबांच्या मागं पलीकडच्या वाड्यावरची दोन माणसं बसलेली दिसली, त्यांच्यासारखीच, पटकेवाली. आबा त्यांना काहीतरी रंगवून सांगत होते.

“…आपल्याला दार न्हाई, घर न्हाई, कागुद कोन देनार? तर ल्योकानं समदं सोत्ताच्या अंगावर घेतलं. म्हनला, फोन माजा हाय. मला तर म्हनला, ह्ये गावाकडचं हाईत! एवडी अक्कल चालिवली बगा. शिकल्याला मानूस.”

दोघांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, “आसा ल्योक पायजे गड्या.” आईनं माझ्याकडे अभिमानानं बघितलं, तिला ही गोष्ट आधीच माहीत होती, आबांनी तिलाही सांगितली होती.

“आला का त्यो तितं?” आबांना माझा हात दिसला असावा. “म्होरं ये की. थांब, ह्येंना दावतो.” पडदा हलला, आभाळ दिसलं, मेंढरं दिसली, मग ती दोन अनोळखी माणसं अगदी जवळ आली आणि माझ्याकडे निरखून बघू लागली. मागून आबांचा आवाज आला, मोठा, लांबच्या मेंढ्यांनाही ऐकू जाईल असा.

“ह्यो बगा. ह्यो माजा ल्योक.”

मी हात जोडले.